वाचकांचे प्रश्न : केमो चालू असलेलं मूल घरी आल्यावर

प्रश्न : मुलगा चार वर्षांचा. दिवाळीनंतर ‘ए.एल.एल.’चं (एका प्रकारच्या ब्लड कॅन्सरचं) निदान झालं. इंडक्शन (केमोचा पहिला टप्पा) संपवून आता घरी आलोय. डिस्चार्जच्या वेळी ‘ताप आला तर लगेच या’ असं सांगितलं. लगेच म्हणजे किती लगेच? रात्री क्रोसिन देऊन सकाळी नेलं तर चालेल का?
– एक आई, धायरी

उत्तर : नाही चालणार. आणि जिथे उपचार चालू आहेत त्या कॅन्सर युनिटशी बोलल्याशिवाय क्रोसिन देऊच नका. केमोनंतर जंतूंशी लढणाऱ्या पेशी, म्हणजे न्यूट्रोफिल, इतक्या कमी होतात की संसर्ग रक्तात पसरायला काही तास पुरतात. पू धरत नाही, लाली येत नाही, बऱ्याचदा ताप ही एकच खूण दिसते. क्रोसिनने तीही पुसली जाते.

सीबीसीचा शेवटचा रिपोर्ट काढा. समजा डब्ल्यूबीसी (पांढऱ्या पेशी) १,८०० आणि न्यूट्रोफिल २० टक्के आहेत. १,८०० चे २० टक्के म्हणजे ३६०. हा झाला ए.एन.सी., म्हणजे न्यूट्रोफिलचा प्रत्यक्ष आकडा. तो ५०० च्या खाली म्हणजे धोका मोठा. पण चार दिवसांपूर्वी आकडा चांगला होता म्हणून ताप अंगावर काढायचा नाही. तेवढ्या दिवसांत काउंट कुठल्या कुठे जातो.

ताप डिजिटल थर्मामीटरने, काख कोरडी करून, बीप वाजेपर्यंत मोजा आणि वेळ लिहून ठेवा. एकदाच १०१ फॅरनहाइट, किंवा १००.४ तासभर टिकून, ही बहुतेक ठिकाणची रेघ असते. तुमच्या युनिटने वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळा आणि फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहा. रात्री दोन वाजता घरात आकड्यावरून वाद होतात! गुदद्वारातून ताप मोजायचा नाही, एनिमा किंवा सपोझिटरी द्यायची नाही. तिथे जरा खरचटलं तरी जंतू आत शिरतात. आयब्युप्रोफेन असलेली सिरप घरातून काढूनच टाका, त्यांनी प्लेटलेटचं काम बिघडतं. आणि ताप नसला तरी मूल मलूल पडलं, हातपाय गार लागले किंवा लाइन (औषधांसाठी शिरेत बसवलेली नळी) फ्लश केल्यावर हुडहुडी भरली, तरी तसंच निघायचं. स्टेरॉइड चालू असताना ताप दबून राहतो.

हॉस्पिटलात पोहोचल्यापासून तासाभरात पहिलं अँटिबायोटिक शिरेतून गेलं पाहिजे. कॅज्युअल्टीच्या काउंटरवर नुसतं ‘ताप आलाय’ म्हटलं तर रांगेत बसवतील. वाक्य पाठ असू द्या : ‘ब्लड कॅन्सर, केमो चालू आहे, दोन वाजता ताप १०१ होता.’ दाराशी पिशवी भरलेली हवी : फाइल, चालू गोळ्या, रेशन कार्ड आणि आधारच्या झेरॉक्स, दोन जोड कपडे, चार्जर, थोडी रोख रक्कम. रात्री गाडी कोण काढणार हे आधीच ठरवा. कुणीच नसेल तर १०८. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, कुमठेकर रस्ता बंद असतात आणि मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. शहराच्या मधून जावं लागणार असेल तर बाहेरचा रस्ता आदल्या दिवशीच पाहून ठेवा.

प्रश्न : मुलगी मेंटेनन्सवर (घरी गोळ्या घ्यायच्या लांबलचक टप्प्यावर) आहे. केस आले, शाळेचा हट्ट सुरू झाला. पण गोळ्यांचा गोंधळ होतो. एखादी राहिली तर?
– एक बाबा, हडपसर

उत्तर : हॉस्पिटलातल्या केमोची जबाबदारी नर्स-डॉक्टरांवर असते, मेंटेनन्सची जवळजवळ सगळी तुमच्यावर. मूल ठणठणीत दिसतं, म्हणूनच डोस सुटतात. १०० पैकी ९५ पेक्षा कमी डोस पोटात गेलेल्या मुलांमध्ये आजार उलटण्याचं प्रमाण जास्त असल्याचं अभ्यासांत दिसलं आहे.

दोन गोळ्यांकडे डोळ्यांत तेल घालून बघा. ६-एमपी (मर्कॅप्टोप्युरिन) रोजची. तिची गोळी ५० मिलिग्रॅमची असते, पण डोस मुलाच्या आकारमानावर ठरतो. म्हणून ‘पाच दिवस एक, दोन दिवस अर्धी’ असं लिहून देतात, म्हणजे आठवड्याला ३०० मिलिग्रॅम. अर्धीचे दोन वार ठरवून कॅलेंडरवर गोल करा. रोज साधारण एकाच वेळी, रात्री झोपण्याआधी द्या. दुसरी मेथोट्रेक्झेट, ती आठवड्यातून एकदाच. ही चुकून रोज दिली गेली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून तिची पट्टी रोजच्या डब्यात ठेवायचीच नाही. मेडिकलवाला पट्टी बदलून देतो तेव्हाही फसगत होते. २.५ मिलिग्रॅमच्या ६ गोळ्या म्हणजे १५. त्याच सवयीने १० च्या ६ दिल्या की झाले ६०! दर वेळी पट्टीवरचे मिलिग्रॅम वाचा, मगच पैसे द्या.

गोळी राहिली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नका. ओकली तर आपल्या मनाने परत देऊ नका. उलटी गोळीनंतर किती मिनिटांनी झाली ते बघून युनिटला फोन करा. गोळी अर्धी करायला वेगळा कटर ठेवा, हातमोजे घाला, मिक्सर वापरू नका. घरात कुणी गरोदर असेल तर तिने या गोळ्यांना हात लावायचा नाही. आठवड्यातले ठरावीक दिवस दिलं जाणारं सेप्ट्रान ‘नुसतं अँटिबायोटिक’ समजून बंद करू नका, ते एका विशिष्ट न्यूमोनियापासून वाचवतं.

प्रश्न : नातीचे काउंट खाली आहेत. गुळवेलीचा काढा आणि पपईच्या पानांचा रस द्यावा म्हणते, सूनबाई ऐकत नाहीत. घरचं ताकही बंद केलंय.
– एक आजी, सदाशिव पेठ

उत्तर : आजी, रस आणि काढ्याच्या बाबतीत सूनबाईंचं बरोबर आहे. डेंग्यूत लोक पपईचा रस देतात, पण इथे प्लेटलेट कमी होण्याचं कारण अस्थिमज्जेतच असतं, आजारामुळे किंवा औषधामुळे. गुळवेलीने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या. नातीच्या गोळ्यांचा भार आधीच यकृतावर आहे. शिवाय मेंटेनन्समध्ये काउंट थोडे खालीच ठेवायचे असतात, डोस त्यावरच जुळवतात. ‘ताकदीचं टॉनिक’ही विचारल्याशिवाय नको, त्यातलं फॉलिक अ‍ॅसिड मेथोट्रेक्झेटच्या आड येतं.

ताकाबद्दल युनिटला विचारा. काउंट ठीक असताना उकळलेल्या दुधाचं, घरी लावलेलं ताजं दही बरीच युनिट चालवून घेतात. खरा धोका बाहेरचा : उसाचा रस, पाणीपुरी, कापून ठेवलेली फळं. केळं, संत्रं, धुऊन सोललेलं सफरचंद खुशाल द्या. पाणी टँकरचं असो की नळाचं, खळखळून उकळून घ्या. सिंहगड रस्त्यावर २०२५ च्या जानेवारीत आलेली जीबीएसची (हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराची) साथ पुणेकर विसरलेले नाहीत. तोंड आलं असेल तर पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ घालून चुळा भरायला लावा. हे काम तुमच्या हातूनच होईल, आईचं पोरं ऐकत नाहीत.

प्रश्न : मधल्याची केमो चालू आहे. धाकटा दीड वर्षाचा आहे. पल्स पोलिओला नेऊ का? मोठीच्या वर्गात कांजिण्या आल्यात.
– एक आई, कोथरूड

उत्तर : तोंडाने द्यायच्या पोलिओच्या थेंबांत जिवंत विषाणू असतो आणि तो काही आठवडे शीतून बाहेर पडतो. म्हणून आजारी मुलाला थेंब नाहीतच, धाकट्यालाही नाहीत. त्याला पोलिओचं इंजेक्शन द्या. घरी येणाऱ्या ताईंना तसं सरळ सांगा. गोवर-रुबेलाची लस धाकट्याला जरूर द्या.

कांजिण्यांबाबत मात्र थांबू नका. संपर्क झाल्याचं कळलं त्याच दिवशी युनिटला फोन करा, अंगावर फोड यायची वाट बघू नका. संपर्कानंतर ९६ तासांच्या आत दिलेल्या अँटिबॉडीच्या इंजेक्शनाचा उपयोग सगळ्यात जास्त होतो. वर्गशिक्षिकेला आधीच चिठ्ठी द्या : कांजिण्या, गोवर, नागीण, काहीही कानावर आलं की आईला फोन. आणि मोठी मुलगी ‘पोट दुखतंय’ म्हणून शाळेला दांडी मारू लागली तर तिला जवळ घ्या. ‘तुझ्यामुळे झालं नाही’ हे वाक्य या वयात तोंडाने सांगावं लागतं.

प्रश्न : खर्चाचं काय? अधूनमधून मुंबईला, परळच्या टाटा हॉस्पिटललाही जावं लागणार आहे.
– एक बाबा, चिंचवड

उत्तर : महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशन कार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) अ‍ॅडमिशनच्या आधीच भेटा. बिल भरून झाल्यावर गेलं की हात चोळत बसावं लागतं. आपलं हॉस्पिटल यादीत आहे का ते १५५३८८ वर विचारा. उपचारासाठीच्या रेल्वे प्रवासात थ्री-टिअर एसी आणि स्लीपरला रुग्णाचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट मिळते. त्यासाठी हॉस्पिटलचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. तो आणि त्याच्या दोन झेरॉक्स फाइलमध्येच ठेवा.