‘डोकं चालत नाहीये’ हे तिला म्हणता आलं पाहिजे

नमस्कार,

मुलगी भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, गुण चांगले आहेत, तिला हवाई वाहतूक नियंत्रक करायचं आहे, तर तयारी कशी करून घ्यावी, असं तुम्ही विचारलंय. त्याचं उत्तर थोडक्यात देते. या पदवीवर भारतीय विमानतळ प्राधिकरणाची एटीसीच्या, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाच्या, ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह पदाची परीक्षा देता येते. पुढे आवाज आणि वैद्यकीय चाचण्या, मग प्रशिक्षण. तिच्या गुणांची मला काळजी नाही.

काळजी वाटली ती तुम्ही कौतुकानं लिहिलेल्या एका गोष्टीची. ‘पूर्वी रात्री अकरानंतर डोकं चालत नाही म्हणायची. मी ती सवय मोडली. आता दोनपर्यंत बसते, एका शब्दानं तक्रार करत नाही. असा ताण झेलणारी मुलगी त्या नोकरीत चमकेल.’ हे मी दोनदा वाचलं. ताई, तुम्ही जी सवय मोडलीत, ती त्या खुर्चीत बसणाऱ्याला हवीच असते.

जास्तीत जास्त ताण झेलेल तो उत्तम कंट्रोलर, हा समज पार चुकीचा आहे. रडारवर दिसणाऱ्या दोन विमानांत साधारणपणे उंचीचं १,००० फूट तरी अंतर लागतं. तेवढं नसेल तर मार्गावर आडवं ५ सागरी मैल, म्हणजे सुमारे ९ किलोमीटर. समोरासमोर येणारी दोन जेट विमानं हे अंतर वीसेक सेकंदांत संपवतात. म्हणून कंट्रोलर टक्कर टाळत बसत नाही, काही मिनिटांनी कोण कुठे असेल ते आधीच पाहून उंची किंवा दिशा बदलून ठेवतो. त्याला डोकं ताजं लागतं. शिवाय ताण केवळ विमानांच्या संख्येवर ठरत नाही. एकाच उंचीवर रांगेत सरळ जाणारी दहा विमानं सोपी. चढणारी, उतरणारी, ढग चुकवायला वळण मागणारी पाच घाम फोडतात. म्हणूनच वाहतूक वाढली की सेक्टरचे, म्हणजे एकाकडे सोपवलेल्या आकाशाच्या तुकड्याचे, दोन भाग करतात, विमानांना उड्डाणाआधीच जमिनीवर थांबवतात, ठरावीक वेळानं माणसाला खुर्चीवरून उठवतात. ही सारी व्यवस्था माणूस थकतो हे मान्य करून उभी आहे.

ते मान्य न केल्यावर काय होतं? १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीत उबरलिंगेनवर दोन विमानं धडकली, ७१ माणसं गेली. तिथलं आकाश सांभाळणाऱ्या, स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या केंद्रात एकच कंट्रोलर दोन जागांचं काम पाहत होता. सहकारी विश्रांतीला गेलेला, दुरुस्तीमुळे मुख्य फोन आणि रडारच्या काही सोयी बंद. दुसऱ्या एका उशिरा आलेल्या विमानात तो गुंतला आणि धोका लक्षात आला तेव्हा एक मिनिटही उरलं नव्हतं. रात्री एकट्यावर सोपवण्याची ती पद्धत तिथे चालवून घेतली जात होती, यावर तपास अहवालानं बोट ठेवलं.

‘मला जमत नाहीये, मदत द्या’ हे वेळेवर म्हणणं त्या कामाचाच भाग आहे. स्वतःची चूक स्वतःहून सांगणंही. घरात तक्रार गिळायला शिकलेल्या मुलीला हे तिथे अचानक कसं येईल? मला वाटतं, ती दमली की गप्प बसेल, आणि ते कुणालाच कळणार नाही.

म्हणून सध्या क्लास लावू नका. दोनपर्यंतचं जागरण आजपासून बंद करा. या कामात रात्रपाळ्या असतात म्हणून झोप मोडण्याचा सराव करावा लागत नाही. महिनाभर तिला पुरेसं झोपू द्या. मग तिला एकटीला मला लिहू द्या, पत्र तुम्ही वाचू नका. तिला हे काम खरंच खुणावत असेल तर परीक्षेचं सगळं मी तिच्याशी बोलेन. तिनं दुसरंच काही लिहिलं, तर मी त्यातच तिला मदत करेन. हे तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते.