वाचकांचे प्रश्न : बर्फ पाहायचा आहे, पण खिसा सांभाळून

प्रश्न : आम्ही मिरजेला राहतो. घरात आम्ही दोघे, नऊ आणि तेरा वर्षांची दोन मुले आणि सहासष्ट वर्षांच्या सासूबाई. आमच्यापैकी कोणीही खरा बर्फ पाहिलेला नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठल्याच्या बातम्या तेवढ्या दर हिवाळ्यात वाचतो. नव्वद हजार रुपयांत मनालीची सहल बसेल का, आणि त्यासाठी दिवाळीची सुट्टी घ्यावी की नाताळची?
— एक वाचिका, मिरज

उत्तर : सहल बसेल, पण आपण सुचवलेल्या दोन्ही सुट्ट्यांना मी नकोच म्हणेन. मनाली गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २,०५० मीटर उंचीवर आहे आणि दिवाळीच्या सुमारास तिथे सफरचंदाच्या झाडांची पानगळ दिसते, बर्फ दिसत नाही. नाताळात तो पडेलच असे नसते. गर्दी मात्र हमखास असते. नाताळ ते १ जानेवारी या आठवड्यात खोल्यांचे दर चढलेले असतात आणि अटल बोगद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर तासन्‌तास वाहने खोळंबतात. हिमालयातला हिवाळी बर्फ मुख्यतः भूमध्य समुद्राकडून सरकत येणाऱ्या पश्चिमी झंझावातांमुळे पडतो. त्यांची तारीख कोणीही आधी सांगू शकत नाही, तरी जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ सर्वांत भरवशाचा, आणि प्रजासत्ताक दिनाची जोडसुट्टी वगळली तर स्वस्तही. मुलांची शाळा बुडवा असे सांगणे या सदराला शोभत नाही, हे खरे. पण एक मूल चौथीच्या आसपास आणि दुसरे आठवीच्या आसपास असताना जी आठवडाभराची रजा मिळते, ती दोन वर्षांनी दहावीच्या वेळापत्रकात मिळणार नाही.

मिरजेहून जाण्याचा सोपा मार्ग म्हणजे गोवा एक्सप्रेस. गाडी न बदलता आपण हजरत निजामुद्दीनला पोहोचता आणि संध्याकाळी काश्मिरी गेटच्या आंतरराज्य बसस्थानकावरून हिमाचल परिवहनची रात्रीची व्होल्वो मिळते, जी सकाळी मनालीत उतरवते. रेल्वेचे आरक्षण आता १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते, तेव्हा तारीख ठरवून त्याच सकाळी तिकिटे काढावीत. नऊ वर्षांच्या मुलासाठी स्वतंत्र शायिका हवी असेल, तर पूर्ण भाडे पडते. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० पासून बंद असल्यामुळे सासूबाईंचेही तिकीट पूर्णच धरावे.

आता हिशेब. हे आकडे नियोजनासाठी ढोबळ धरलेले आहेत. आरक्षणाच्या वेळी आपण ते तपासून घ्यालच. तृतीय श्रेणी वातानुकूलित डब्यातून पाच जणांचे जाणे-येणे बावीस हजार, दिल्ली ते मनाली बस दोन्ही वेळची पंधरा हजार, मनालीत दोन खोल्या चार रात्री हीटरच्या आकारासह सोळा हजार, परतताना दिल्लीत एक मुक्काम चार हजार, दोन दिवस टॅक्सी आठ हजार, भाड्याचे बर्फाचे कपडे चार हजार आणि जेवणखाण चौदा हजार, असे त्र्याऐंशी हजार होतात. उरलेल्या सात हजारांना पॅराग्लायडिंग किंवा घोडेस्वारीच्या मोहात हात लावू नये, कारण हिवाळ्यातल्या डोंगरी प्रवासात खर्च वाढतो तो बहुधा अडकून पडल्यामुळे.

दिल्लीतला तो परतीचा मुक्काम अनेकांना उधळपट्टी वाटतो. आमच्या घरच्या अशाच एका प्रवासात आम्ही तो वाचवला होता. रात्रभर बर्फ पडला, बस सहा तास उशिरा सुटली, दुपारची रेल्वे डोळ्यांदेखत नव्हे, तर आम्ही हरियाणात असतानाच निघून गेली आणि पाच जणांची नवी तिकिटे काढताना वाचवलेल्या रकमेच्या कितीतरी पट पैसे गेले. त्यातच जानेवारीत उत्तरेकडच्या गाड्या धुक्यामुळे रखडतात. म्हणून परतीची रेल्वे बस दिल्लीत पोहोचण्याच्या दुसऱ्या दिवशीचीच काढावी. जाताना सकाळी दिल्लीत उतरून संध्याकाळच्या बसपर्यंत जो दिवस मोकळा राहतो, तोही याच कारणासाठी आहे.

मनालीत पहिला दिवस फक्त विश्रांतीचा आणि हिडिंबा मंदिरापर्यंत फेरफटक्याचा ठेवावा. गावात बर्फ नसला तरी निराश होण्याचे कारण नाही, कारण तासाभराच्या अंतरावर उंची बदलते : सोलंग सुमारे २,५०० मीटरवर आहे आणि ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुल्या झालेल्या ९.०२ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्याचे लाहौलकडचे तोंड ३,००० मीटरच्याही वर आहे. हा बोगदा होण्यापूर्वी रोहतांग खिंड बर्फाने बंद झाली की लाहौल खोरे महिनोन्‌महिने तुटून पडत असे. आज तिथल्या सिस्सूला जाऊन संध्याकाळी मनालीत परतता येते. मात्र ताजा बर्फ पडल्यावर पोलीस फक्त चारही चाकांना जोर असणारी वाहने पुढे सोडतात, त्यामुळे टॅक्सी आदल्या रात्री पक्की न करता सकाळी रस्त्याची स्थिती विचारून मगच करावी. लाहौलमधील काही गावे जानेवारी-फेब्रुवारीत आपल्या सणांसाठी पर्यटन बंद ठेवतात, त्याचीही चौकशी करावी. मनालीजवळच्या गोशाळ आणि शेजारच्या काही गावांत तर संक्रांतीपासून ४२ दिवस देव स्वर्गात गेले आहेत असे मानून मोठा आवाज वर्ज्य करतात. आपण तिळगूळ वाटून निघालात, तर नेमक्या त्याच दिवसांत तिथे पोहोचाल. मुलांना ही गोष्ट आधी सांगून ठेवावी.

सासूबाईंसाठी सोलंगचे सपाट मैदान पुरेसे आहे. धोका उंचीपेक्षा घसरण्याचा अधिक असतो, विशेषतः सकाळी, जेव्हा आदल्या दिवशी वितळलेले पाणी रस्त्यावर काचेसारखे गोठलेले असते. त्यांना रक्तदाबाचा किंवा दम्याचा त्रास असेल, तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवून औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत.

प्रश्न : आम्हा फोंड्याच्या माणसांकडे स्वेटरसुद्धा नाहीत. चौघांसाठी सगळे कपडे विकत घ्यायचे म्हटले, तर प्रवासापेक्षा कपड्यांचाच खर्च जास्त होईल. काय घ्यावे आणि काय टाळावे?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : अंगाला लागणारे विकत घ्यावे आणि बाहेरचे भाड्याने, इतका साधा भेद पाळला तर खर्च आटोक्यात राहतो. थर्मलचे प्रत्येकी दोन जोड, लोकरी मोज्यांचे तीन जोड, कानटोपी आणि मधल्या थरासाठी स्वेटर किंवा फ्लीस एवढे घरून न्यावे. पाणी न शिरणारा स्नो-सूट आणि गमबूट मनालीहून सोलंगकडे जाताना रस्त्याकडेच्या क्रमांक लिहिलेल्या दुकानांतून दिवसाच्या भाड्याने मिळतात. टॅक्सीवाला आपल्या ओळखीच्या दुकानापाशी गाडी थांबवतो, पण तिथेच घेण्याचे बंधन नाही. दोन-तीन ठिकाणी भाव विचारून, सूटची चेन आणि बुटाचा तळ पाहून घ्यावा. मोजे आणि हातमोजे मात्र स्वतःचेच असावेत, कारण भाड्याचे बऱ्याचदा ओलसर असतात.

जीन्स आणि सुती बनियन यांवर अवलंबून राहू नये. सुती कापड घाम आणि वितळलेला बर्फ शोषून घेते, ओले झाले की ऊब धरत नाही आणि त्या हवेत लवकर वाळतही नाही. मुले बर्फात लोळणारच. त्यांच्यासाठी हातमोज्यांचा एक जोड जास्तीचा ठेवावा. थंडीपुढे उन्हाचा विसर पडतो, पण ताजा बर्फ सूर्याची बहुतेक अतिनील किरणे परत फेकतो, त्यामुळे काळा चष्मा आणि सनस्क्रीन आवश्यक आहेत. हनुवटीखाली आणि नाकपुड्यांजवळही ते लावावे, कारण किरण खालूनही येतात.

कपड्यांपेक्षा मला अधिक काळजी वाटते ती खोलीची. समुद्रकाठच्या दमट हवेत वाढलेल्या माणसाला रात्री खोलीतली थंडी सोसत नाही आणि मग तो कोळशाची शेगडी मागवतो. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपू नये, कितीही थंडी असली तरी. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस जागा होत नाही. वायुवीजन नसलेल्या न्हाणीघरातील गॅस गिझरचेही तसेच आहे. खोली घेताना विजेचा हीटर भाड्यात धरला आहे का, तो रात्रभर चालू ठेवता येतो का आणि वीज गेल्यास काय सोय आहे, हे तीन प्रश्न फोनवरच विचारावेत. याच फोनचे चार्जिंग थंडीत झपाट्याने उतरते, म्हणून बाहेर असताना तो आतल्या खिशात ठेवावा.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. मला फक्त मे महिन्यातच सुट्टी मिळते. तेव्हा बर्फ मिळेल का?
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : मिळेल, पण वर चढावे लागेल. मे महिन्यात सोलंगचे मैदान हिरवे असते आणि बर्फ ३,९७८ मीटर उंचीच्या रोहतांगवर शोधावा लागतो. तिकडे जाणाऱ्या वाहनांची रोजची संख्या ठरलेली असून ऑनलाइन परवाना लागतो. मंगळवारी रस्ता देखभालीसाठी पर्यटकांना बंद असतो. मनालीत उतरल्या दिवशीच वर जाण्याची घाई करू नये, निदान एक रात्र, जमल्यास दोन रात्री खाली काढाव्यात, कारण काही तासांत जवळपास दोन हजार मीटर चढल्यावर डोके दुखणे आणि मळमळणे हे धडधाकट तरुणांनाही होते. तसे झाल्यास छायाचित्रांसाठी थांबू नये, खाली यावे.

दुसरा पर्याय गुलमर्गचा. तिथल्या गोंडोलाचा, म्हणजे तारेवरून चालणाऱ्या पाळण्यांचा, दुसरा टप्पा अफरवत डोंगराच्या खांद्यापर्यंत, सुमारे ३,९५० मीटरवर नेतो आणि मेमध्येही तिथे बर्फाचे पट्टे असतात. तिकीट आधी ऑनलाइन काढावे. आपले महाराष्ट्रातले प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालते. कुटुंबात एक तरी पोस्टपेड क्रमांक असावा आणि तिकिटांच्या छापील प्रती सोबत ठेवाव्यात. खर्चाच्या बाबतीत मे हा दोन्हीकडे ऐन हंगाम आहे, म्हणून मिरजेच्या वाचिकेसाठी वर मांडलेल्या हिशेबातील खोल्या आणि टॅक्सी यांचे आकडे आपण बरेच वाढवून धरावेत, आणि मनालीच ठरले तर मुक्कामाचे दिवस मंगळवार पाहून आखावेत.