‘ताई, तुम्ही सांगाल तसं’

प्राण्यांसाठी काम करणारे स्वयंसेवक माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: ‘मी थांबले तर त्या मुक्या जिवांचं काय होईल?’ कुणी रागाने विचारतं, कुणी रडत. विचारणारा माणूस बरेचदा गटाचा प्रमुख असतो, आणि महिनोन् महिने धड झोपलेला नसतो.

अशाच एका ताईंची ही हकिगत. त्यांच्या परवानगीने, ओळखीच्या खुणा बदलून सांगते आहे. नाव लिहीत नाही. गटात सगळे त्यांना ताईच म्हणतात.

बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या, सिंहगड रस्त्याला राहणाऱ्या. चार मैत्रिणींनी मिळून सुरू केलेलं काम. घरातला कुत्रा किंवा मांजर म्हातारं झालं की त्या घराला आधार द्यायचा, म्हणजे शेवटच्या काळात त्याला घर सोडावं लागू नये. “आमचा निवारा नाही हं,” हे त्या पहिल्या भेटीत दोनदा म्हणाल्या. त्यांच्या कामाबद्दल ऐकताना मी माझी टिपणं लिहायची विसरले. लॅब्रॅडॉर बारा वर्षांचा होतो, मागच्या पायांतलं बळ जातं आणि घरात गुळगुळीत टाइल्स. तो उठू बघतो, पाय फाकतात, पुन्हा खाली बसतो. घरचे म्हणतात, आता याचं काही खरं नाही. मग गटातली एखादी मुलगी जाते, पाण्याच्या भांड्यापासून बाल्कनीपर्यंत जुन्या योगा मॅट अंथरते, नखं आणि पंजातले वाढलेले केस कापते, पोटाखालून घालायचा पट्टा देते आणि जिना कसा उतरवायचा ते दाखवते. अंथरुणात मुतणाऱ्या मांजराला रागावण्याआधी रक्त-लघवी तपासून घ्यायला सांगते, कारण ती पुष्कळदा खोड नसते, मूत्रपिंडाचं नाहीतर साखरेचं दुखणं असतं. रात्रभर घरात फेऱ्या मारणारा, भिंतीकडे तोंड करून उभा राहणारा कुत्रा वेडा झालेला नसतो. माणसासारखा त्याचाही मेंदू म्हातारा होतो. त्याला रात्री मंद दिवा आणि दिवसा ठरलेल्या वेळा लागतात. आणि कुणी “आमचीच पॅरासिटामॉल दिली मांजराला” म्हटलं, की ताई सगळं सोडून त्या घराला तसंच डॉक्टरांकडे धाडतात. मांजराचा त्यात जीव जातो.

हे सगळं सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. पण टेबलावर पालथा ठेवलेला फोन दर दोन-तीन मिनिटांनी थरथरायचा आणि तो थरथरला की त्यांचा डावा हात आपोआप तिकडे जायचा. घरी जेवणाचं ताट झाकून राहतं. नवऱ्याशी बोलणं म्हणजे “आलेच” आणि “निघाले”. गटातल्या दोन चांगल्या मुली त्यांच्या चिडण्याला कंटाळून गेल्या. “मला आता कुत्रा दिसला तरी काही वाटत नाही,” त्या म्हणाल्या आणि स्वतःच्याच बोलण्याने दचकल्या.

याला कम्पॅशन फटीग म्हणतात. इतरांचं दुःख सतत अंगावर घेणाऱ्यांना येणारा हा थकवा चार्ल्स फिगली या मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात सविस्तर मांडला. मी ताईंना तसं सांगितलं आणि रात्री नऊनंतर फोन बंद ठेवायला सांगितलं.

तो सल्ला चुकला. तिसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी फोन सुरू केला तर एकाच घरातून अकरा मिस्ड कॉल. मांजर रात्रीच गेलेलं. पुढच्या भेटीला त्या आल्या त्या माझ्यावर संतापून, आणि त्यांचं बरोबर होतं. फोन बंद करा म्हणण्याआधी मी विचारायला हवं होतं, की त्या घराकडे मध्यरात्री लावायला एकच नंबर का होता? धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या त्यांच्या संस्थेत कागदावर पाच विश्वस्त आहेत. पत्रकावर नंबर एकट्या ताईंचा.

त्याच दिवशी त्यांनी मला दवाखान्यातली गोष्ट सांगितली. चौदा वर्षांचा कुत्रा, वेदना आवाक्याबाहेर गेलेल्या. डॉक्टरांनी शेवटचं इंजेक्शन सुचवलं. घरचे ताईंकडे वळले, “ताई, तुम्ही सांगाल तसं.” ताईंनी हो म्हटलं. “आम्हाला बघवणार नाही,” म्हणत घरचे खाली गाडीत जाऊन बसले. कुत्रा दाराकडे बघत होता. ताईंनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, श्वास थांबेपर्यंत कानामागे खाजवत राहिल्या आणि मग गळपट्टा सोडवून खाली नेऊन दिला. त्या महिन्यात असं चार वेळा झालं होतं.

“तो माझ्याकडे बघत नव्हता हो,” त्या म्हणाल्या. “त्याची माणसं कुठे गेली ते बघत होता.”

मी बराच वेळ बोलले नाही. मग एवढंच विचारलं, की तुमचं काम घराला उभं करायचं ना? मग त्या खोलीत घराच्या जागी तुम्ही का होतात?

मला वाटतं, या कामातला खरा पेच इथे आहे. थकलेलं घर आपला भार पुढे करतं आणि प्रेमळ माणूस तो उचलतो. आधी औषधं आणून देतो, मग रात्रीचा फोन घेतो, मग निर्णय घेतो, शेवटी मांडीही देतो. त्यात घराला वाटतं आपण सुटलो, पण ते सुटत नाही. गाडीत बसलेली माणसं नंतर वर्षानुवर्षं त्या गाडीतच बसून राहतात. अशी माणसंही माझ्याकडे येतात, म्हणून हे ठामपणे लिहिते आहे.

आम्ही वाक्यं तयार केली, अगदी शब्दन् शब्द, कारण ऐन वेळी प्रेमळ माणसाला ‘नाही’ सुचत नाही. “आम्ही त्याला नेणार नाही. तुमच्याकडे तो राहावा म्हणून जे लागेल त्यात सोबत आहोत.” आणि दवाखान्यासाठी: “निर्णय तुमचा आणि डॉक्टरांचा. तुमच्यापैकी एक जण त्याच्याजवळ बसेल. मी बाहेर आहे.” ताईंनी ती वाक्यं माझ्यासमोर सात-आठ वेळा म्हणून पाहिली. पहिल्यांदा आवाज फुटला नाही.

परीक्षा लवकरच झाली. कोथरूडची एक सोसायटी पुनर्विकासाला गेली. तिथल्या एका कुटुंबाला भाड्याचं घर मिळत होतं, पण घरमालकाला त्यांची तेरा वर्षांची कुत्री नको होती. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पण नको म्हणणाऱ्या घरमालकाला त्या दाखवून घर मिळत नाही. “तुम्ही घ्या, नाहीतर कुठेतरी सोडावी लागेल,” असा फोन आला. ताईंनी तयार केलेलं वाक्य म्हटलं. सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हेही शांतपणे सांगितलं. (पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये. या आकड्याने मला दरवेळी लाज वाटते.) पलीकडून “मग तुमची संस्था काय कामाची?” आणि फोन बंद.

नऊ दिवस ताईंना झोप नव्हती. गटातल्या दोघांनी मात्र धायरीपासून वारज्यापर्यंत तळमजल्याची घरं शोधली, तीन घरमालकांशी बोलले आणि कुत्रीचं लसीकरणाचं कार्ड दाखवलं. दहाव्या दिवशी एक घर जमलं, थोडं लांब, डिपॉझिट थोडं जास्त. दरवेळी असं जमत नाही. पावसाळ्यात एका घराने खरोखरच आपलं मांजर सोडून दिलं आणि ते सापडलं नाही. ते दुःख ताईंना झालं, व्हायलाच हवं होतं. पण ते मांजर सोडणारे हात त्यांचे नव्हते, हे त्या पहिल्यांदाच मोठ्याने म्हणाल्या.

त्यांच्याकडे दोनशे पानी वही आहे. एका घराला एक पान. कुठलं जनावर, काय दुखणं, फोन कधी आला. जनावर गेलं की लाल पेनने फुली. मी पानं उलटत होते तेव्हा दिसलं की मदत केल्यानंतर पुन्हा कधी फोनच आला नाही अशी कितीतरी पानं मधेच थांबली आहेत. “ह्यांचं काय झालं?” ताईंना माहीत नव्हतं. जिथे जमलं, तिथून फोन येत नाही. त्यामुळे ताईंच्या कानावर वर्षानुवर्षं फक्त न जमलेलंच पडत आलं होतं.

ते फोन ताईंनी करायचे नाहीत असं ठरलं. गटातल्या एका कॉलेजच्या मुलाने दोन आठवड्यांत केले. सदाशिव पेठेतले एक आजोबा त्याला म्हणाले, “आमचा शेरू पट्ट्यावर अजून सात महिने जिना उतरला. माझ्यासमोर गेला, त्याच्या चटईवर. पट्टा धुऊन ठेवलाय, पण कुणाला द्यायचा ते कळेना.” शेरू गेल्यावर त्यांच्याकडे भेटायला कुणी आलं नव्हतं. कुत्र्याचं सुतक नसतं, ऑफिसात रजा नसते, ‘दुसरा आणा’ म्हणणारे मात्र असतात. समाज ज्याला दुःखच मानत नाही अशा दुःखाबद्दल केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये लिहिलं. आजोबांना ते माहीत असण्याचं कारण नाही, पण त्या मुलाशी ते पाऊण तास बोलले. आता फुली पडली की आठ दिवसांनी गटातलं कुणीतरी त्या घरी जातं. चहा घेतात, सामान परत आणतात.

फोन आता चौघांत वाटलेला आहे, आठवड्याचे वार ठरलेत. नावापुरते असलेले दोन विश्वस्त बदलले, धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट दिला. ताईंचा वार गुरुवार. पहिले काही आठवडे त्या शुक्रवारीही सकाळी फोन शोधायच्या.

दिवाळीनंतर त्यांनी मला एक प्रसंग सांगितला. तोच दवाखाना, एक म्हातारी पामेरियन, तिच्या घरची आई आणि वीस-बावीस वर्षांचा मुलगा. “ताई, तुम्ही सांगाल तसं,” आई म्हणाली. ताईंनी वाक्य म्हटलं. आई रडायला लागली. मुलगा थोडा वेळ दारात उभा राहिला, मग चप्पल बाहेर काढून, देवळात जावं तसा आत गेला आणि त्याच्या पाठोपाठ आईही गेली. दार लोटलं गेलं. ताई बाहेर बाकावर बसल्या, मांडीवर त्यांची पाण्याची बाटली होती. आतून मुलाचा आवाज येत होता, तो तिला लहानपणीच्या नावाने हाक मारत होता.