वाचकांचे प्रश्न : खुबा मोडला, तर अर्धा सांधा की पूर्ण?

प्रश्न : आमच्या गावात सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत तीन म्हाताऱ्या माणसांचा खुबा मोडला. एकाला सळई टाकली, एका आजीला अर्धा सांधा बसवला, दुसरीला पूर्ण. असं वेगवेगळं का? माझी माय ७६ वर्षांची आहे, अजून वावरात जाते. तिच्यावर वेळ आली तर डॉक्टरांना काय विचारायचं?
— एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : सळईवाल्याचं हाड बहुधा वेगळ्या जागी मोडलं असणार. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला गोळा असतो, त्याखाली मान आणि मानेखाली रुंद भाग. रुंद भागाला रक्त भरपूर मिळतं, तिथलं हाड जुळतं, म्हणून ते सळई-स्क्रूने धरून ठेवतात. मानेत मोडून तुकडे सरकले की गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या तुटतात. मग हाड जुळत नाही किंवा गोळाच मरतो, म्हणून म्हाताऱ्या माणसात सांधा बदलतात. मान नुसती चिरली, सरकली नाही, तर स्क्रूंवर भागू शकतं. तेव्हा पहिला प्रश्न हाच : मान मोडली की खाली, आणि तुकडे सरकले का?

अर्ध्या सांध्यात फक्त गोळा बदलतात, वाटी (कमरेच्या हाडातली खोबण, जिच्यात गोळा फिरतो) आपलीच राहते. ऑपरेशन लवकर उरकतं, रक्त कमी जातं, गोळा मोठा असल्याने सांधा निखळण्याची भीतीही कमी. उणीव अशी, की भरपूर चालणाऱ्या माणसात धातूचा गोळा वाटी झिजवतो आणि जांघेत दुखू लागतं. पूर्ण सांध्यात वाटीही नवी. चाल थोडी बरी राहते, पण निखळण्याचा धोका वाढतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे दीड हजार रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दोन वर्षांत पुन्हा ऑपरेशन लागण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच निघालं. पूर्ण सांधावाल्यांच्या हालचालीत फायदा दिसला, पण थोडाच.

म्हणून नुसतं वय पाहून ठरवू नका, पडण्याआधीचं चालणं पाहा. तुमच्या मायसारखी वावरात जाणारी, भान शाबूत असलेली, हृदय-फुप्फुसं लांब ऑपरेशन सोसतील अशी बाई असेल, तर पूर्ण सांध्याबद्दल जरूर विचारा. आधीच संधिवाताने वाटी झिजली असेल, तेव्हाही पूर्ण सांध्याबद्दल विचारा. घरातल्या घरात वॉकर धरून फिरणाऱ्या, विसरायला लागलेल्या माणसाला अर्धाच बरा, कारण निखळू नये म्हणून पाळायच्या सूचना त्याच्या लक्षात राहत नाहीत. अशा माणसाला साध्या गोळ्याऐवजी महागडा बायपोलर (गोळ्याच्या आत आणखी एक गोळा फिरणारा) बसवल्याने चालण्यात मोठा फरक पडत नाही, त्यासाठी कर्ज काढू नका.

दुसरा प्रश्न सिमेंटचा, म्हणजे नवा सांधा हाडात चिकटवून पक्का करणाऱ्या लुकणाचा. म्हातारपणी हाड पोकळ झालेलं असतं. बिनसिमेंटचा दांडा (नव्या गोळ्याचा मांडीच्या हाडात जाणारा भाग) ठोकून बसवताना किंवा पुढे मांडीचं हाड तडकू शकतं, म्हणून या वयात सहसा सिमेंट बरं. मात्र सिमेंट भरताना काहींचा रक्तदाब एकदम पडतो. हृदयाचा, दम्याचा आजार भूलतज्ज्ञांना आधीच सांगा.

आणि कोणता सांधा या चर्चेत दिवस घालवू नका. ऑपरेशन शक्यतो ४८ तासांच्या आत व्हावं. पडून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनिया, पाठीला जखमा, पायात रक्ताची गुठळी आणि भ्रम गाठतात, जीव बहुतेक त्यानेच जातो. पडल्यावर पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला तर ओढू नका, चोळू नका. पायांमध्ये उशी ठेवून बांधा आणि १०८ला फोन करा. चालू गोळ्यांची पुडकी सोबत घ्या. रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्यांमुळे पाठीतून भूल देता येत नाही. आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, घरात कुणाला असेल तर तेही सांगा.

खर्चाचं : ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत या सरकारी योजनेतून कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. मायचं कार्ड आजच काढून ठेवा. दाखल होताना आरोग्यमित्राला (दवाखान्यातला योजनेचा मदतनीस) विचारा, की पॅकेजमध्ये कोणता सांधा बसतो.

प्रश्न : सांधा बसवल्यावर बाजेवर झोपता येतं का? संडासला उकिडवं बसता येतं का?

उत्तर : बाज ढिली आणि ठेंगणी असेल तर नको. बसल्यावर गुडघे खुब्याच्या वर गेले की सांधा मागून निसटू शकतो. लाकडी पलंग घ्या, ठेंगणा असेल तर पायांखाली विटा नीट बसवा, हलता कामा नये. संडाससाठी कमोडची खुर्ची आणा. मांडी घालणं, उकिडवं बसणं, पायावर पाय टाकणं पहिले तीन महिने बंद. पूर्ण सांधा असेल तर उकिडवं बसणं पुढेही टाळलेलंच बरं. चालायला मात्र दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं करा, बहुतेकांना पूर्ण भार टाकता येतो. गुठळी होऊ नये म्हणून दिलेलं औषध साधारण महिनाभर चालतं, ते मध्येच सोडू नका. सुट्टी घेताना हाडाच्या ठिसूळपणाचं औषधही विचारून घ्या. वर्षातून एकदा शिरेतून देण्याचं इंजेक्शन मिळतं, त्याआधी किडनी, कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी तपासून घ्यावं लागतं. हे राहून जातं, आणि मग दुसरा खुबा मोडतो.