रॅक बदलून घेतला, आवाज मात्र तसाच. पैसे परत मिळतील का?

प्रश्न : माझी डिझेल गाडी सात वर्षं जुनी आहे, वॉरंटी संपलेली. स्टिअरिंग वळवताना घूंऽऽ असा आवाज यायचा, सकाळी थंड इंजिनावर जास्त. कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपने रॅक (स्टिअरिंग फिरवलं की चाकं वळवणारा भाग) गेल्याचं सांगून नवा बसवला आणि ३८,४०० रुपये घेतले. आठवड्याच्या आत आवाज पुन्हा सुरू. आता म्हणतात स्टिअरिंगचा पंप बदला, २६,००० होतील. गावातल्या मिस्त्रीने बॉनेट उघडून स्टिअरिंग ऑइलच्या टाकीतला फेस दाखवला. टाकीतून पंपाकडे जाणाऱ्या पाइपाची क्लिप सैल आहे, हवा ओढतंय, दोन-तीनशेचं काम आहे, असं तो म्हणतो. त्याच्याकडून करून घेतलं तर वर्कशॉपवरचा दावा बुडेल का? गाडी घरचीच आहे, लग्नसराईत कधीतरी भाड्याने जाते. – एक वाचक, बारामती तालुका

उत्तर : करून घ्या, पण आज संध्याकाळी नको. ती सैल क्लिप हा तुमच्या प्रकरणातला सगळ्यात मोठा पुरावा आहे, आणि मिस्त्रीने ती एकदा आवळली की तो संपला. मग वर्कशॉप बिनधास्त म्हणेल, क्लिप आमच्याकडून गाडी गेल्यावर सैल झाली, नाहीतर मिस्त्रीनेच केली.

आधी वर्कशॉपला ईमेल आणि व्हॉट्सॲप करा : रॅक बदलूनही आवाज कायम आहे, ऑइलला फेस येतोय, अमुक तारखेला अमुक ठिकाणी तपासणी होईल, आपला माणूस पाठवा. चार-पाच दिवसांची मुदत पुरे. त्या दिवशी परवानाधारक मोटर सर्व्हेअरला, म्हणजे गाडीचं नुकसान तपासून अहवाल देणाऱ्याला, बोलवा. त्याची फी लागेल, पण ३८ हजारांच्या दाव्यात ती परवडते. व्हिडिओ सलग काढा, तुकडे नकोत. नंबरप्लेट, किलोमीटरचा आकडा, टाकीचं झाकण उघडून फेस, इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत, आवाज. मग हाताने हलणारी क्लिप. त्यानंतर मिस्त्रीने ती बदलावी, ऑइल भरून हवा काढावी आणि तसंच स्टिअरिंग फिरवून पुन्हा चित्रीकरण करावं. जुनी क्लिप पिशवीत घालून सर्व्हेअरच्या सहीने बंद करा. मिस्त्रीकडून बिल घ्या, साध्या छापील पावतीवर चालेल. त्याच्या कामाचं प्रतिज्ञापत्रही लागेल, कारण ग्राहक आयोगापुढचं काम बहुतेक प्रतिज्ञापत्रं आणि कागदांवरच चालतं.

वर्कशॉपचं कुणी आलं नाही, तरी बोलावल्याचा पुरावा तुमच्या हातात राहतो. दुरुस्ती महिनोन्‌महिने रखडवूही नका. स्टिअरिंगचा प्रश्न आहे, जिवाशी खेळ नको. शिवाय नुकसान टाळण्याचं साधन हाताशी असताना ते वापरलं का, हे भरपाई ठरवताना पाहिलं जातं. करार कायद्याच्या कलम ७३ मध्येच तसं आहे.

आता दाव्याचा खरा कस. चुकीचं निदान म्हणजे आपोआप ‘सेवेतली त्रुटी’ नव्हे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये त्रुटीची व्याख्या कलम २(११) मध्ये आहे, आणि निष्काळजीपणा तिच्यात येतो. तेव्हा तुम्हाला दाखवायचंय ते एवढंच, की हायड्रॉलिक स्टिअरिंगचा आवाज आला की आधी ऑइलची पातळी, फेस, बेल्ट आणि पाइपांचे जोड बघतात, आणि इथे ते न बघता थेट सगळ्यात महागड्या भागाला हात घातला. जॉबकार्ड, म्हणजे वर्कशॉपने तक्रार आणि काम नोंदवलेला कागद, काढून वाचा. तिथे नुसतं ‘आवाज – रॅक बदलला’ असेल आणि तपासणीची एकही नोंद नसेल, तर तुमची बाजू जड आहे.

वर्कशॉपचा बचाव मला आत्ताच दिसतोय : रॅकसुद्धा गळत होता, नवा रॅक गाडीत आहे, ग्राहकाचं नुकसान काय? म्हणून जुना रॅक लेखी मागा. तो ‘भंगारात गेला’ असं उत्तर आलं, तर तेही लेखीच घ्या. गाडी नेताना ‘काम समाधानकारक’वर तुम्ही सही केली असेलच, सगळेच करतात. तिने दावा बुडत नाही. आवाज नंतर परतला, हे सांगता येतं. बिलावर कुठल्या का शहराचं न्यायक्षेत्र छापलेलं असेना, कलम ३४ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते.

आधी १५ दिवसांची नोटीस पाठवा. कायद्याने ती सक्तीची नाही, पण निम्मी प्रकरणं तिथेच मिटावीत अशी माझी तरी इच्छा असते. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. नाहीच जमलं तर ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून तक्रार. वर्कशॉपला तुम्ही दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. मागणी रॅकचे पैसे, सर्व्हेअरची फी, मनस्तापाची माफक रक्कम आणि खर्च एवढीच ठेवा. पाच लाख मागितले म्हणून पन्नास हजार मिळतात, हा गैरसमज आहे. गाडी बनवणाऱ्या कंपनीला सामनेवाले करू नका. तुमचं भांडण दुरुस्तीशी आहे, उगाच आणखी एक वकील समोर उभा राहील.

एक गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात, ती मला खटकली : भाड्याने जाते. व्यापारी हेतूने सेवा घेणारा या कायद्यात ‘ग्राहक’ ठरत नाही. एखाद्या लग्नाने घरची गाडी व्यापारी होत नाही, पण समोरचा वकील हाच मुद्दा पहिल्यांदा काढेल. पांढऱ्या, म्हणजे खासगी नंबरप्लेटवर भाडं मारणं हा मोटार वाहन कायद्याचा भंग आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल ते वेगळंच. भाडी आजपासून बंद. तक्रारीत मात्र खोटं लिहू नका, प्रतिज्ञापत्रावर सही तुमची असते.

पंपाच्या एस्टिमेटला मंजुरी देऊ नका, पण तो कागद त्यांच्याकडून मागून घ्याच. क्लिपने आवाज थांबला, तर २६ हजारांचं ते एस्टिमेट वर्कशॉपच्या निदानाबद्दल तुमच्यापेक्षा जास्त बोलेल.