चौकट सरकवू नकोस

नाशिक

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझी वही पाहिली. भर पावसात अंजनेरीच्या पठारावर वनस्पती मोजायला मीटरभराच्या वीस चौकटी घातल्यास, शाबास. पण वीसपैकी अकरा चौकटींत कंदीलपुष्प? 2006 साली ज्याला अंजनेरीचं नाव मिळालं, ते इतकं मुबलक असतं तर त्याच्यासाठी आपण डोंगर पालथा घातला असता का? झाड दिसलं आणि चौकट तिकडे सरकली, खरं ना?

रागावत नाही. मी उलटं केलंय. ब्रह्मगिरीच्या उतारावर काटे नकोत म्हणून प्रत्येक चौकट करवंदाच्या जाळीपासून दोन हात लांब. घरी येऊन बेरीज केली, तर अख्ख्या उतारावर करवंदच नाही!

म्हणून आधी घरी बसून चिठ्ठ्या टाक: सरळ इतकी पावलं, उजवीकडे इतकी. खुंटी तिथेच. नुसता कातळ आला तरी 'कातळ' लिही, ती चौकट गाळू नकोस. बाहेर दिसलेलं कंदीलपुष्प वेगळ्या यादीत.

दुसरं, तेरड्याची साठ रोपं मोजलीस आणि घनता काढलीस, चौकटीमागे तीन. ही साठ रोपं अठरा चौकटींत विखुरलेली असतील तर वारंवारता, म्हणजे शेकडा किती चौकटींत तेरडा सापडला, ती 90 टक्के. दोनच चौकटींत दाटलेली असतील तर 10. घनता दोन्हीकडे तीनच! पठार मात्र अगदी वेगळं. तेव्हा दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिही.

गवताची काडीन् काडी मोजत बसू नकोस, वेड लागेल. तिथे ब्राऊन-ब्लांके या वनस्पतिशास्त्रज्ञांची श्रेणी वापर: पाऊण चौकटीहून जास्त झाकली तर 5, अर्धी ते पाऊण 4, पाव ते अर्धी 3, पाच टक्के ते पाव 2. अंदाजच आहे हा. म्हणून सोबतीणीने आणि तू आपापला आकडा आधी लिहायचा, मग तोंड उघडायचं.

झाडांचा घेर 1.37 मीटर उंचीवर घेतेस, ते बरोबर. त्यावर नंतर बोलू.

काही गवतांपुढे तू प्रश्नचिन्ह ठेवलंयस. राहू दे, तुरे आल्याशिवाय ती मलाही ओळखत नाहीत. आश्विनात त्याच चौकटींवर जाऊ. खुंट्या उपटल्या नाहीस ना?

तुझा,
काका