व्हिडिओ बघून कोल्हापुरात टेरेसवर टोमॅटो लावले. फुलं येतात, पण एकही फळ धरत नाही. एप्रिल अर्धा झाला, काय चुकतंय? नागपूरच्या बहिणीनंही असंच लावलंय.

व्हिडिओ थंड देशातला बघितला असणार. तिकडं मे महिन्यात दव गोठायचं थांबतं, मग टोमॅटोची रोपं घराबाहेर येतात. आपल्याकडं तेव्हा पारा 38-39 ला टेकलेला असतो. दिवसा 35 च्या वर गेलं आणि रात्रही गार झाली नाही, की टोमॅटोचे परागकण निकामी होतात आणि फूल देठासकट गळतं. पहिल्या वर्षी मी शेणखत वाढवत गेले. झाड नुसतं माजलं.

शेतकरी उन्हाळी टोमॅटो काढतात की, असं म्हणाल. पण त्यांचे वाण वेगळे, आणि मोकळं रान रात्री निवतं. आपला स्लॅब पहाटेपर्यंत गरम. म्हणून आधी कुंड्या विटांवर उचला. मातीवर चार बोटं उसाचं पाचट पसरा. ते कारखान्यांचा हंगाम संपायच्या आतच पै-पाहुण्याच्या रानातून पोतंभर आणून ठेवायचं, नंतर मिळत नाही. पाणी सकाळी लवकर.

टोमॅटो गणपती झाल्यावर लावा, थंडीत खा. उन्हाळ्याला भेंडी, गवार, काकडी, दोडका. बी फेब्रुवारीत टोकायचं. भेंडी दीड महिन्यात तोडायला येते. काकडीला आधी नुसती नर फुलंच येतात, घाबरू नका. मादी फुलाच्या मागं बोटाएवढी काकडी दिसते. टेरेसवर मधमाशी कमी, म्हणून सकाळीच ताजं नर फूल खुडून, पाकळ्या काढून मादी फुलात हलकं फिरवा. कलिंगडाचंही असंच, पण एवढी जागा अडवण्यापेक्षा ते बाजारातून आणलेलं परवडतं!

वळवाचा वारा वेल उलटा करतो, मांडव सुतळीनं घट्ट बांधा. कोवळ्या दोडक्यावर कागदाची पिशवी चढवा, नाहीतर फळमाशी आत अंडी घालते.

नागपूरला पारा 45 पर्यंत जातो. ताईंना म्हणावं, भेंडीवरसुद्धा दुपारी हिरवी जाळी हवी.

आणि आत्ता? टोमॅटो उपटा, त्याच कुंडीत चवळी टोका. पाऊस लागायच्या सुमारास शेंगा येतील.